शिडाच्या होडीतलं डिझेल इंजिन कसं सांभाळायचं

गोव्यात पाऊस सरला की वाऱ्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा, दुपारनंतर वायव्येकडून भरघोस, आणि सूर्य बुडाला की तो पडतो. दिवसभर शिडावर फिरून आलेली होडी नेमकी त्याच वेळी मांडवीच्या मुखाशी पोचते. ओहोटी लागलेली असेल तर नदी तुम्हाला परत समुद्राकडे लोटत असते. एका अंगाला आग्वादचे खडक, दुसऱ्या अंगाला काबोचे, आणि मध्ये वाळूचा दांडा. अशा वेळी चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायलाच हवं.

शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असं नवखे पुष्कळदा विचारतात. आपल्या दिवाडीत बांधलेली, २००९ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘म्हादेई’ वाऱ्यावर जगाची प्रदक्षिणा करून आली, पण तिच्याही पोटात डिझेल इंजिन आहेच. बंदरात शिरायला, जेटीला लागायला आणि बॅटरी भरायला ते लागतंच.

इथे मी साधारण ९ ते ३० हॉर्सपॉवरच्या, एक ते तीन सिलिंडरच्या इंजिनांबद्दल लिहितोय. जुनी होडी घेतलीत तर यानमारचं एका सिलिंडरचं १जीएम१० किंवा दोन सिलिंडरचं २जीएम२० भेटण्याची शक्यता बरीच. बीटा मरीनची इंजिनं कुबोटाच्या ब्लॉकवर बनतात, म्हणजे मूळचं यंत्र शेतातल्या ट्रॅक्टरच्या आणि जनरेटरच्या कुळातलंच. जमिनीवर अशी इंजिनं हजारो तास चालतात. होडीत ती वर्षाला जेमतेम शंभर तास चालतात आणि तरी लवकर मरतात, कारण झिजण्याआधीच ती गंजतात. म्हणून माझ्या मते या इंजिनाची देखभाल म्हणजे मुख्यतः पाण्यावर पाळत ठेवणं. खारं पाणी जिथून वाहायला हवं तिथून वाहतंय ना, आणि डिझेलमध्ये, ऑइलमध्ये, सिलिंडरमध्ये ते शिरत नाहीये ना, एवढं ज्याला रोज कळतं त्याचं इंजिन टिकतं.

आधी ओळख करून घ्या

पहिला दिवस पाना हातात न घेता घालवा. इंजिनावरची झाकणं काढा, टॉर्च घ्या, आणि तीन वाटा बोटाने शोधत जा: समुद्राच्या पाण्याची, डिझेलची आणि विजेची. पाण्याची वाट होडीच्या बुडातल्या कॉकपासून, म्हणजे पाणी आत घ्यायच्या तोटीपासून सुरू होते. तिथून जाळीचा डबा, मग पंप, मग इंजिन किंवा हीट एक्सचेंजर, मग एक्झॉस्टचा एल्बो, सायलेन्सर, आणि शेवटी मागच्या बाजूने बाहेर. प्रत्येक जोडाचा फोन काढून फोटो घ्या. पुढे रात्री डोलत्या होडीत एखादा पाइप सुटेल तेव्हा हेच फोटो उपयोगी पडतात. हँडबुकची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून होडीतच ठेवा.

आपलं इंजिन कोणत्या पाण्याने थंड होतं तेही याच दिवशी पक्कं करा. काहींमध्ये समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. काहींमध्ये ब्लॉकमध्ये कूलंट असतं आणि खारं पाणी फक्त हीट एक्सचेंजरमधून जातं. दुसऱ्या प्रकारात ८० अंशांच्या आसपासचं तापमान नेहमीचं असतं. पहिल्या प्रकारात थर्मोस्टॅट मुद्दाम ५० अंशांच्या आसपास उघडणारा असतो, कारण पाणी फार तापलं की आतल्या वाटांमध्ये मीठ धरायला लागतं. त्यामुळे ८० हा आकडा एका होडीत निश्चिंत राहायचा आणि दुसऱ्या होडीत थ्रॉटल लगेच खाली आणायचा.

चावी फिरवण्याआधी

हे रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, पातळी आणि रंग दोन्ही पाहा. डिझेल इंजिनाचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याची काळजी नको. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय, इंजिन सुरू करू नका. पातळी आपोआप वाढलेली दिसली तरी हाच अर्थ घ्या, नाहीतर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय असं समजा. कूलंट असेल तर त्याची पातळी पाहा, पण इंजिन गार असतानाच. गरम इंजिनाचं झाकण उघडलंत तर वाफेने हात भाजेल. इंजिनाखालच्या ट्रेमध्ये हात फिरवा आणि बोटं हुंगा. डिझेल, ऑइल आणि खारं पाणी नाकाला आणि जिभेला वेगवेगळं कळतं. मग बुडाचा कॉक उघडा, आणि उघडलाय हे हाताने पाहून घ्या, आठवणीवर सोडू नका.

इंजिन सुरू झालं की सगळ्यात आधी मागे वाकून एक्झॉस्ट पाहायचा. पाण्याच्या पिचकाऱ्या धुराबरोबर पडताना एक खळखळ येते. तो आवाज कानात मुरवून घ्या. पाणी थांबलं की आवाज कोरडा आणि मोठा होतो, आणि अलार्म वाजण्याच्या बराच आधी हा बदल कानाला कळतो.

खाऱ्या पाण्याची वाट

मला तो आवाज एकदा कळला, पण उशिरा. नोव्हेंबरमधली संध्याकाळ, वारा पडलेला, ओहोटी जोरात, आग्वाद डाव्या हाताला. आम्ही चौघे गप्पांत होतो. एक्झॉस्टचा सूर बदललाय हे माझ्या लक्षात येईपर्यंत तापमानाचा अलार्म ओरडू लागला. इंजिन बंद केलं, लगेच नांगर सोडला, आणि तो धरला म्हणून खडकांपासून लांब राहिलो. जाळीचा डबा उघडला तर स्वच्छ. कॉक उघडून पाहिला तर पाण्याची नुसती धार. बुडाच्या भोकावर बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. डिंगी, म्हणजे फुगवायची छोटी होडी, भरायचा पंप पाइपला लावून उलटी हवा मारली तेव्हा ती सुटली. तरी पाणी पूर्ण जोराने येईना, कारण तेवढ्या वेळात पंप कोरडा फिरला होता आणि इंपेलरची दोन पाती तुटली होती. इंपेलर बदलून आत शिरायला रात्रीचे नऊ वाजले.

इंपेलर हे रबराच्या पात्यांचं छोटं चक्र. पाणीच त्याचं वंगण असतं, त्यामुळे कोरडं फिरलं तर मिनिटा-दोन मिनिटांत ते जळतं. दोन नवे इंपेलर, झाकणाचे दोन कागदी गॅस्केट आणि झाकणाचे जादा स्क्रू होडीत कायम ठेवा. वर्षातून एकदा तो बदला, जुना चांगला दिसत असला तरी. ते काम पहिल्यांदा मूरिंगवर, दिवसाउजेडी, सावकाश करा, म्हणजे अडचणीत हात चालतात.

बदलताना आधी कॉक बंद. पंपाच्या झाकणाचे स्क्रू सोडा, खाली एक भांडं धरा, म्हणजे स्क्रू बिल्जमध्ये, होडीच्या तळाशी, जाणार नाही. पाती कोणत्या दिशेला वाकलीत त्याचा फोटो घ्या. इंपेलर पकडीने सरळ बाहेर ओढा. पंपाच्या पितळी अंगावर ओरखडे काढू नका. नवा बसवताना त्याला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. पाती इंजिन फिरतं त्या दिशेच्या मागे वाकवत, फिरवत फिरवत आत सरकवा. जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा पुढे गेलेला असतो आणि पाइपच्या वळणात किंवा हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकून बसतो. तो शोधून काढल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका. माझा दुसरा तुकडा थर्मोस्टॅटच्या आधीच्या पाइपात सापडला.

जाळीचा डबा आठवड्याला उघडा. पावसानंतरच्या दोन महिन्यांत तर प्रत्येक फेरीआधी, कारण मांडवी, झुआरी आणि त्यांचे खाडीफाटे तेव्हा पानं, जलपर्णी आणि शहरातला कचरा घेऊन येतात. इथलं कोमट पाणी बार्नेकलना फार मानवतं. महिनाभर होडी हलली नाही तर ते बुडाच्या भोकातही घर करतात, आणि कॉक उघडा असूनही पाणी निम्मंच येतं. कॉक आठवड्याला एकदा उघड-बंद करा, नाहीतर तो नेमका हवा तेव्हा फिरत नाही. प्रत्येक कॉकला त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. पाइप सुटला तर ती ठोकून भोक बंद करता येतं.

जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड, हा स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवतो. तो इंजिनाच्या ब्लॉकमध्ये किंवा हीट एक्सचेंजरमध्ये प्लगला लावलेला असतो, आणखी एक पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावर असतो. इथे दर दोन-तीन महिन्यांनी काढून पाहा, निम्मा झिजला की बदला. प्लगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. जस्ताचा धातूशी विजेचा संबंध राहिला तरच ते काम करतं, टेपने तो तुटतो. दांड्यावरच्या जस्ताला रंगही लावायचा नाही.

एक्झॉस्टच्या एल्बोत गरम धूर आणि खारं पाणी एकत्र येतात, त्यामुळे तो आतून काजळीने आणि मिठाने बुजतो. दर दोन हंगामांनी काढून पाहा. इंजिन नुसतं मंद चालवून तासन्‌तास बॅटरी भरणाऱ्या होड्यांमध्ये तो फार लवकर भरतो. डिझेल इंजिनाला भार हवा असतो. दर फेरीत निदान पंधरा मिनिटं तरी ते गियरमध्ये घालून, चांगल्या वेगाने चालवा.

आणि एक गोष्ट प्रत्येक नवख्याने पाठच करावी: इंजिन पेटत नसेल तर सेल्फ मारत राहायचं नाही. सेल्फबरोबर पाण्याचा पंपही फिरतो आणि सायलेन्सरमध्ये पाणी भरत जातं. पेटलेल्या इंजिनाचा धूर ते बाहेर ढकलतो. न पेटलेल्या इंजिनात धूरच नाही, म्हणून ते पाणी उलटं चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत, प्रत्येकी दहा सेकंदांपेक्षा कमी, इंजिन पेटलं नाही तर बुडाचा कॉक बंद करा आणि मग कारण शोधा. पेटलं की त्याच क्षणी कॉक उघडा. एकाने चावीवर आणि एकाने कॉकवर राहायचं.

डिझेल

इंजिन अचानक थांबलं तर दहापैकी बहुतेक वेळा दोष डिझेलच्या वाटेत असतो. टाकीत रिकामी जागा असली की आपल्या दमट हवेतली वाफ आतल्या भिंतींवर थिजते आणि पाणी होऊन तळाशी बसतं, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं. त्या दोन्हींच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ फिल्टर बंद करतो. टाकी शक्यतो भरलेली ठेवा. डेकवरच्या झाकणाचं रबर दर पावसाळ्यापूर्वी बदला. पंपावरून कॅनमध्ये आणलेलं डिझेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता, आणि कॅनच्या तळाचा शेवटचा पेला तसाच राहू द्या.

टाकी आणि इंजिन यांच्यामधला पहिला फिल्टर पाणी वेगळं करणारा असतो. त्याच्या तळाला पारदर्शक वाटी असेल तर दर फेरीआधी टॉर्च मारून पाहा. खाली पाण्याचा थर दिसला तर खालचा स्क्रू सोडून बाटलीत काढून घ्या. दुसरा, बारीक फिल्टर इंजिनावर असतो. दोन्ही वर्षाला एकदा बदला, गाळ दिसला तर लगेच. लाटांमध्ये टाकीचा तळ ढवळला जातो, म्हणून इंजिन शांत नदीत कधी थांबत नाही आणि नेमकं नदीच्या मुखावर थांबतं.

फिल्टर बदलला किंवा टाकी आटली की डिझेलच्या वाटेत हवा शिरते आणि इंजिन पेटत नाही. आपले मिस्त्री म्हणतात ‘एअर घेतली’. ती काढायची रीत अशी:

१. टाकीत डिझेल आहे आणि टाकीचा कॉक उघडा आहे, हे पाहा. बुडाचा पाण्याचा कॉक बंद करा. फिल्टरखाली चिंध्या अंथरा.

२. इंजिनावरच्या फिल्टरचा एअर काढायचा स्क्रू दीड आटा सैल करा. फीड पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची, छोटी कळ हाताने वरखाली करा. कळ नुसती हलत असेल आणि डिझेल ढकलत नसेल तर पुली धरून इंजिन एक फेरा फिरवा, आणि पुन्हा मारा.

३. आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार येईल. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. बेताने, हे आटे लवकर जातात.

४. इंजेक्शन पंपावर असा स्क्रू असेल तर तेच तिथे करा. पुष्कळदा एवढ्यावर इंजिन पेटतं.

५. नाही पेटलं तर इंजेक्टरच्या, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत नोझलच्या, पाइपाचा नट अर्धा आटा सैल करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेल्फ मारा. नटापाशी डिझेल ठिबकू लागलं की आवळा. तिथे बोट धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, आणि तसं झालं तर जखम लहान दिसली तरी थेट इस्पितळ गाठायचं.

बुडाचा कॉक पुन्हा उघडायला विसरू नका. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत, जादा आणून ठेवा.

ऑइल आणि बाकीचं

ऑइल दर १०० तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा. आपल्या हवेत बहुतेकांना १५डब्ल्यू-४० चालतं, पण हँडबुकमध्ये दिलेला दर्जा पाहून घ्या. इंजिन दहा मिनिटं चालवून ऑइल गरम करा. होडीत इंजिनाखाली भांडं सरकवायला जागा नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ऑइल ओढून काढायचं. फिल्टर सोडण्यापूर्वी त्याला प्लॅस्टिकची पिशवी चढवा. नव्याच्या रबरी कडेला ऑइलचं बोट फिरवा आणि हाताने आवळा, पान्याने नाही. गियरबॉक्सचं ऑइलही याच वेळी पाहा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, ते घेतात. नदीत एक थेंबही जाऊ देऊ नका. त्याच पाण्यात तिसऱ्यो (शिंपल्या) वेचणारी माणसं गुडघाभर उभी असतात.

इंजिनाचा पट्टा (बेल्ट) अंगठ्याने दाबला तर मधोमध साधारण १० मिलिमीटर दबावा. काळा भुगा पडत असेल तर पट्टा सैल आहे किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे दोरीची ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं दोरीचं पॅकिंग, असेल तर दांडा फिरताना मिनिटाला पाच-सहा थेंब पडायलाच हवेत. नवखे ते थेंब थांबवायला नट आवळतात आणि दांडा जाळतात. तासभर चालल्यावर ग्लँडला हात लावा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर सैल करा. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक पाइपला दोन-दोन स्टेनलेस क्लिपा हव्यात. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नका, त्याने ऑल्टरनेटरचे डायोड जातात.

धुराचा रंगही बोलतो. काळा असेल तर भार जास्त किंवा हवा कमी. बुडाला बार्नेकल चढले किंवा पंख्यात दोरी अडकली तरी काळा येतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि डोळे चुरचुरवणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. वाफेसारखा असेल तर आधी पाण्याची धार पाहा.

हे सगळं एका वहीत लिहा: तारीख, इंजिनाचे तास, काय केलं, काय दिसलं. जुनी होडी विकत घेताना मी इंजिनाच्या रंगापेक्षा ही वही आधी मागतो.

पावसाळ्याआधी

१ जूनला मासेमारी बंद होते, तोवर आपली होडी वर यायला हवी. मी मेच्या मध्यालाच यार्डात तारीख ठरवतो. वर काढण्याआधी पाण्यातच टाकी भरून घ्या आणि ऑइल बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात, ती चार महिने बेअरिंगवर बसून खातात. जमिनीवर आल्यावर पाण्याचा पाइप कॉकपासून सोडून गोड्या पाण्याच्या बादलीत टाका, दुसऱ्याला बादली भरत ठेवायला सांगा, आणि इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणजे मीठ धुऊन निघेल. कूलंट दोन वर्षांचं झालं असेल तर बदला. इथे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंजही रोखतं.

मग इंपेलर काढून ठेवा, चार महिने वाकून राहिला तर पाती तशीच राहतात. पट्टा सैल करा. हवा आत घ्यायच्या तोंडात आणि एक्झॉस्टमध्ये ऑइलची चिंधी कोंबा, नाहीतर दमट हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरला गंजवते. बॅटरीच्या तारा सोडा. काय काय काढलंय, कुठे चिंधी कोंबलीय ते जाड कागदावर लिहून तो चावीलाच बांधा. दर पंधरा दिवसांनी यार्डात जाऊन पुली हाताने अर्धा फेरा फिरवा. झडी लागली तरी जा.

चवथ आटोपून सप्टेंबर सरत आला की चावीला बांधलेला कागद घेऊन बसा आणि एकेक ओळ खोडत जा. इंपेलर, पट्टा, चिंध्या, बॅटरी. होडी पाण्यात उतरली की यार्डाचे पट्टे सोडण्यापूर्वी बुडाचे कॉक आणि ग्लँड टॉर्चने पाहा. स्टॉपची कळ ओढून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा, म्हणजे पेटण्याआधी बेअरिंगपर्यंत ऑइल पोचेल. मग इंजिन सुरू करा, आणि मागे जाऊन पाण्याची खळखळ ऐका.